'शनिवारी काय करतेस?' : मैत्रिणीकडे मुलं ठेवण्याचं एक प्रकरण

हे दोघींच्या परवानगीने लिहितेय. नावं घेत नाही, एकीला आई म्हणते आणि दुसरीला मैत्रीण. दोघी माझ्या जवळच्या, दोघीही कामाच्या रगाड्यात असणाऱ्या, आणि खरं सांगायचं तर दोघींपैकी कोणीच वाईट वागलेलं नाही, म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. मसुदा दोघींना वाचायला दिला होता. आईने एक वाक्य काढायला लावलं, मैत्रिणीने एक घालायला लावलं.

पार्श्वभूमी

आईला दोन मुलं. मोठी साडेपाच वर्षांची, धाकटा पावणेदोनचा. नवरा कामानिमित्त महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. मैत्रीण एकटी राहते, घरूनच काम करते, मूल नाही. दोघींची ओळख अकरा वर्षांची.

सुरुवात झाली ती एका रात्री साडेदहाला. मोठी पलंगावरून पडली, हनुवटी फुटली, टाके घालायला न्यायचं होतं आणि धाकटा नुकताच झोपला होता. आईने मैत्रिणीला फोन केला, ती घरच्या कपड्यांतच रिक्षा करून आली आणि पहाटेपर्यंत धाकट्याच्या शेजारी जमिनीवर पडून राहिली. त्या रात्री रीतभात वगैरे कोणाच्या डोक्यात नव्हती आणि नसायलाच हवी, तशा वेळी मित्रमैत्रिणी असतातच कशाला. पण नंतर जे झालं त्याचा पाया तिथे पडला, कारण आईच्या मनात 'ही येते' एवढंच राहिलं, 'ही त्या रात्री आली' हे मागे पडलं.

दोन महिन्यांनी आईने शनिवारचा एक कोर्स लावला, सकाळी १० ते १. तिने आधी मला विचारलं होतं. मी 'घरी पाहुणे आहेत' म्हणाले. पाहुणे एका शनिवारचे होते, कोर्स चार महिन्यांचा होता. हेही नोंदवून ठेवते, कारण मी सरळ 'मला जमणार नाही गं' म्हटलं असतं तर तिने कदाचित तेव्हाच दुसरी काही सोय बघितली असती.

मग तिने मैत्रिणीला विचारलं. विचारलं ते असं:

"शनिवारी काय करतेस?"
"काही नाही गं विशेष."
"मग मुलांना तुझ्याकडे सोडू का तीन तास?"

नेमकं बिनसलं कुठे

वरचे तीन मेसेज मी परत परत वाचलेत. आधी समोरच्याकडून 'काही नाही' वदवून घ्यायचं आणि मग मागणी टाकायची, की नाही म्हणायला जागाच उरत नाही. आईने हे ठरवून केलं नव्हतं, आपण सगळेच असं बोलतो, 'घरी आहेस का?', 'संध्याकाळी फ्री आहेस?'. पण मैत्रिणीच्या बाजूने बघा. तिचा शनिवार 'काही नाही' असाच असायला हवा होता, आठवडाभराच्या कामानंतर तो काही नाहीपणा हाच तिचा प्लॅन होता. (हे वाक्य मैत्रिणीने घालायला लावलंय.)

फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक या दोन संशोधकांचा २००८ सालचा एक अभ्यास इथे चपखल बसतो. त्यात भाग घेणाऱ्यांना अनोळखी लोकांकडे छोटीशी मदत मागायची होती आणि किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज आधी सांगायचा होता. प्रत्यक्षात अंदाजाच्या साधारण निम्म्याच लोकांना विचारावं लागलं. मागणारा विचार करतो की समोरच्याला या कामाचा त्रास किती होईल, आणि समोरचा विचार करत असतो की तोंडावर नाही कसं म्हणू. आता अनोळखी माणसाला नाही म्हणणं एवढं जड जात असेल तर अकरा वर्षांच्या मैत्रिणीला काय होत असेल. म्हणजे 'तिने हो म्हटलं ना' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही, हो तर येणारच होतं.

तर एका शनिवारचं हळूहळू दर शनिवारचं झालं. अकरा आठवड्यांत नऊ शनिवार. मैत्रिणीने मला मेसेजेस दाखवले, ते एकाखाली एक वाचले की सगळं कळतं. पहिला सात ओळींचा, अगदी मनापासून, नाही म्हणालीस तरी चालेल वगैरे. चौथा, "उद्या जमेल ना?" सहावा, "उद्या १० ना?" आणि आठव्या आठवड्यात फक्त, "१० ला पोचते" आणि पुढे अंगठा. विचारणं कधी संपलं आणि कळवणं कधी सुरू झालं ते दोघींनाही सांगता येत नाही.

आता तो नववा शनिवार. धाकट्याला रात्री थोडी कणकण होती. सकाळी ९ ला आईने पॅरासिटामॉलचं सिरप दिलं, अंग निवलं, आणि ती मुलांना सोडून गेली. तापाबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिचं म्हणणं, उतरला होता ना ताप, आणि त्या दिवशी परीक्षा होती, सांगितलं असतं तर मैत्रीण नाही म्हणाली असती. मैत्रिणीचं म्हणणं, मी नाही म्हणाले नसते, पण तयार तरी राहिले असते. दोघींचंही मला पटतं, त्यातल्या त्यात मैत्रिणीचं जास्त.

साडेबाराला धाकटा तापला. मैत्रिणीकडे थर्मामीटर होता, ३८.६ अंश सेल्सिअस दाखवला. आईचा फोन परीक्षेमुळे बंद. मुलांच्या पिशवीत सिरपची बाटली सापडली, पण सकाळी दिलंय का, दिलं असेल तर किती वाजता, पोराचं वजन किती, काही माहीत नाही. तिने मला फोन केला तेव्हा मागे धाकट्याचं रडणं ऐकू येत होतं आणि ती एका हाताने बाटली उजेडात धरून लेबल वाचत होती, "अगं पाच मिलीत किती असं काहीतरी लिहिलंय, तुझ्याकडे होती ती हीच का?" मी म्हटलं, हीच असली तरी देऊ नकोस, कारण लहान मुलांत हा डोस वजनावर ठरतो, एकाच नावाचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, आणि दोन डोसांमध्ये निदान ४ तास जावे लागतात. आधीचा कधी दिला हेच माहीत नसेल तर मोजणार कुठून.

तेवढ्यात मोठी, जी खाली बसून चित्र रंगवत होती आणि जिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, ती म्हणाली, "आईने सकाळी गुलाबी औषध दिलंय. पण मावशीला सांगायचं नाही, मावशी घाबरते."

हे मी फोनवर ऐकलं. मैत्रीण काही बोलली नाही, मीही नाही.

आम्ही मोठीलाच विचारून विचारून वेळ काढली, "कार्टून लागायच्या आधी की नंतर?" असं करत ९ च्या सुमाराला पोचलो, म्हणजे एक वाजेपर्यंत थांबायचं होतं. वजन मात्र कळेना. मैत्रिणीने अंगावरचे जादा कपडे काढले, थोडं थोडं पाणी पाजलं, त्याला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहिली. आई १ ला येणार होती. आली ती पावणेतीनला. परीक्षा झाल्यावर फोन चालू करायचं राहून गेलं, आणि सगळा ग्रुप पेपरबद्दल बोलत बसला. दरम्यान २ वाजता मैत्रिणीने तिच्या वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, ते राहिलं. आईला ते माहीतच नव्हतं, कारण मैत्रिणीने सांगितलं नव्हतं, कारण १ ला तर ती येणारच होती.

दारात आई म्हणाली, "सॉरी सॉरी, खूप उशीर झाला का?"

मैत्रीण म्हणाली, "अगं ठीक आहे."

कोणापुढे काय पर्याय होते

पुढचे दोन शनिवार मैत्रीण 'बिझी' होती. आईला काहीतरी खटकलंय हे कळलं पण काय ते नाही, आणि मग दोघीही मला फोन करायला लागल्या, वेगवेगळ्या. मी आठवडाभर निरोप्याचं काम केलं आणि मग कंटाळून बंद केलं.

मैत्रिणीपुढे सोपा रस्ता बहाण्यांचा होता. तिने तो दोनदा वापरला. बहाण्याची पंचाईत अशी की तो पुढच्या आठवड्यात नवा शोधावा लागतो. दुसरा रस्ता, यापुढे मुलं ठेवणार नाही असं एकदाच सांगून टाकायचं. ते ती करू शकत होती, पण तिला मोठीचा लळा लागला होता, शनिवारी ती पोरगी दारातूनच चप्पल भिरकावून आत पळत यायची ते तिला आवडायचं. म्हणजे तिला मुलं नको नव्हती, गृहीत धरणं नको होतं, आणि हे दोन्ही एका वाक्यात बोलणं दिसतं तेवढं सोपं नाही.

आईपुढे जास्त पर्याय होते. पैसे देऊन कोणी बाई ठेवायची. किंवा मैत्रिणीलाच पैसे द्यायचे, हे तिने गंभीरपणे विचारात घेतलं होतं, 'निदान मला अपराधी तरी वाटणार नाही'. मी तिला इस्रायलमधल्या पाळणाघरांची गोष्ट सांगितली. हैफा शहरातली १० पाळणाघरं, पालक मुलांना न्यायला उशीर करायचे, म्हणून काही ठिकाणी उशिराला दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. गनीझी आणि रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० साली हे छापलं. दंड नव्हता तेव्हा शिक्षिका ताटकळतेय याची लाज वाटायची, दंड आल्यावर पालकांना वाटलं की आपण जादा वेळ विकत घेतोय. आणि दंड काढून टाकल्यावरही उशीर पहिल्याइतका खाली आला नाही. हा माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग आहे. एकदा मैत्रीत पैसे आले की नंतर ते मागे घेऊन पूर्वीसारखं होता येत नाही. अर्थात काहींचं जमतं, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला पैसे द्यायलाच हवेत, तिथे उलट न देणं वाईट. पण इथे मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "पैसे दिले असतेस तर मी नाही कशी म्हणाले असते?" म्हणजे तिची नाही म्हणायची उरलीसुरली सोयही गेली असती.

तिसरा विचार अदलाबदलीचा. ज्यांची मुलं बरोबरीची आहेत त्यांच्यात हे चांगलं चालतं, तू माझी बघ मी तुझी बघते. पण तासाला तास असा हिशोब ठेवायला गेलं की त्याचीही गंमत होते. अमेरिकेत वॉशिंग्टनला कॅपिटल हिलमध्ये १९७० च्या दशकात साधारण दीडशे जोडप्यांनी असा गट केला होता, अर्ध्या तासाला एक कूपन, मुलं सांभाळली की कूपन मिळणार, बाहेर जायचं असेल तर द्यायचं. झालं असं की प्रत्येकाला वाटलं अडीअडचणीला कूपनं साठवून ठेवू, म्हणून कोणी बाहेरच जाईना, आणि कोणी बाहेर जात नाही म्हटल्यावर कूपनं मिळवायची संधीच कोणाला मिळेना. शेवटी जादा कूपनं वाटली तेव्हा गाडं चाललं. त्याच गटातल्या स्वीनी दांपत्याने १९७७ साली अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये यावर लेख लिहिला. आमच्या प्रकरणात तर मैत्रिणीला मूलच नाही, ती तिचे सत्तावीस तास परत घेणार कशाच्या रूपात? हा प्रश्न आईला पहिल्यांदाच पडला, आणि माझ्या मते तिथून ती बदलली.

मग काय केलं

आई मैत्रिणीकडे एकटी गेली, मुलांना माझ्याकडे सोडून. (हो, यावेळी मी हो म्हटलं. आणि तिने मला विचारलं ते असं: "गुरुवारी ६ ते ८ मुलांना ठेवशील का? नाही जमलं तर मी तिला शुक्रवारी भेटेन, अडणार नाही." फरक बघा. काम आधी, वेळ किती ते स्पष्ट, आणि नाही म्हटलं तर काय होईल तेही सांगितलेलं.)

तिथे ती काय बोलली ते दोघींकडून वेगवेगळं ऐकलंय, पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत आहे. आईने उशिराची माफी आधी मागितली तेव्हा मैत्रीण परत 'ठीक आहे' म्हणाली. मग आई म्हणाली, मी ताप लपवला आणि पोरीलाही लपवायला लावलं. तेव्हा मैत्रीण रडली. म्हणजे दोन आठवडे सगळे उशिराबद्दल बोलत होतो, मीसुद्धा, आणि दुखणं भलतीकडेच होतं. उशीर तिने गिळला असता. साडेपाच वर्षांच्या मुलीकडून आपल्याबद्दल 'मावशी घाबरते' ऐकणं तिला गिळता आलं नाही.

व्यवहाराचं बोलणं नंतर झालं. कोर्सचे उरलेले शनिवार पैसे देऊन ओळखीतली एक बाई येणार. मैत्रिणीकडे महिन्यातून एक शनिवार, तोही बुधवारपर्यंत विचारायचा, आणि तिने गुरुवारपर्यंत उत्तर दिलं नाही तर ते 'नाही' धरायचं. हा शेवटचा मुद्दा मैत्रिणीचा, आणि मला तो भारी वाटला, कारण त्यात तिला नाही हा शब्द टाइपही करावा लागत नाही.

आईने एक पुठ्ठा केला, मुलांच्या पिशवीला कायमचा अडकवलेला. त्यावर मुलांची वजनं, सकाळपासून काय औषध दिलं आणि किती वाजता, आईचा फोन लागला नाही तर कोणाला करायचा, मुलांच्या डॉक्टरांचा नंबर, झोपेची वेळ. ज्याला मूल नाही त्याला जे माहीत असायचं कारण नाही तेही तिने लिहिलं, उदाहरणार्थ द्राक्षं अख्खी द्यायची नाहीत, उभी चिरून चार फोडी करायच्या, घशात अडकतात. मैत्रीण म्हणाली, "बापरे, मी तर अख्खी देत होते." यात दोष तिचा नव्हताच, नऊ शनिवारांत तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढे काय झालं

तासांची परतफेड तासांनी झाली नाही. मैत्रिणीच्या वडिलांची राहिलेली डोळ्यांची तपासणी आईने करवून आणली, रजा टाकून, आणि पुढे त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशीही ती दवाखान्यात होती. हे तिने 'फेड' म्हणून केलं का माहीत नाही, मैत्रिणीने तसं मानलं नाही हे नक्की.

सगळं पूर्ववत झालं असं मात्र नाही. मैत्रीण आता धाकट्याला एकटी ठेवत नाही, मोठीला ठेवते. आईला याचं वाईट वाटतं, धाकट्याला तर फारच, दाराशी हटून बसतो. पण मैत्रीण म्हणते त्या दिवसासारखे माझे हातपाय परत गार पडायला नको, त्याला नीट बोलता येऊ दे, दुखतंय कुठे ते सांगता येऊ दे, मग बघू. मला हे योग्य वाटतं. मैत्रिणीने मदत करायची म्हणजे अख्खं पॅकेज घ्यायचं असं कुठे आहे.

आणि मधे एकदा आईने सवयीने परत लिहिलं, "शनिवारी १० ला येते." मैत्रिणीचं उत्तर, "हे विचारणं आहे का कळवणं?" आईने हसण्याच्या चार इमोजी टाकून मेसेज नीट लिहिला.

काय वेगळं करता आलं असतं

दोघींना मी हा प्रश्न विचारला. आई म्हणाली तिसऱ्या शनिवारी थांबायला हवं होतं. पहिला शनिवार मदत होती, दुसरा योगायोग, तिसऱ्याला तिने सांगायला हवं होतं की अगं हे चार महिने चालणार आहे, सगळे शनिवार तुझ्याकडे नको, तुला किती झेपतील ते सांग. पूर्ण आकडा समोर ठेवला की माणसाला हिशोब करता येतो. हप्त्याहप्त्याने मागितलं की प्रत्येक हप्ता लहानच वाटतो, आणि लहान गोष्टीला नाही म्हटलं तर आपणच कोते ठरतो.

मैत्रीण म्हणाली तिने दारातलं 'ठीक आहे' म्हणायला नको होतं. भांडायचंही नव्हतं तिला, फक्त 'बाबांचं २ चं होतं गं, ते राहिलं' एवढं सांगायचं होतं. समोरचीला काय मोडलं ते कळलंच नाही तर ती दुरुस्त काय करणार. मी यात थोडी भर घालेन. मुलांना सोडायला येणाऱ्याला दारातच 'मला २ ला निघायचंय' हे सांगणं हा उद्धटपणा नाही. आपल्याकडे मदत करणाऱ्याने आपल्या अडचणी सांगितल्या की मदत कमी झाल्यासारखी वाटते, म्हणून तो गप्प बसतो, आणि मग मनात मीटर चालू होतं.

तापाच्या बाबतीत मात्र माझं मत दोघींपेक्षा कडक आहे. परीक्षा असो, काही असो, आजारी मूल न सांगता दुसऱ्याकडे सोडायचं नाही. ते पक्कं, बाकीचं सगळं मागेपुढे होऊ शकतं. आईलाही हे पटलंय, फक्त ती म्हणते की त्या सकाळी तिच्याकडे दुसरं कोणी असतं तर ती खोटं बोलली नसती. तेही खरंच आहे. मी होते ना दुसरी, पाहुणेवाली.

गेल्या महिन्यात बुधवारी आईचा मेसेज गेला, वेळ, काम, दोन्ही मुलांची तब्येत सगळं लिहून. मैत्रिणीचं गुरुवारी दुपारी उत्तर आलं, "या शनिवारी नको गं." पुढे कारण नाही, काही नाही. आईने मला सांगितलं की तिने "का गं, बरी आहेस ना?" असं टाइप केलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, मग पुसलं आणि "बरं" पाठवलं.

शनिवारी मैत्रीण काय करत होती ते आम्ही दोघींनीही अजून विचारलेलं नाही.